सायबाची तुती

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात फोडणी बंद होती. हे वाक्य लिहून मी सुनेला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, बाबा, आठवणींची सुरुवात अशी कुणी करतं का, आधी जन्म, गाव, आईवडील असं काहीतरी येऊ द्या. ते येईल तेव्हा येईल. माझ्या नाकाला विचाराल तर सुरुवात इथूनच आहे. दादा, म्हणजे माझे वडील, ब्रेडच्या फॅक्टरीत रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे. अंगाला आंबलेल्या कणकेचा वास, डोळे लाल, आणि आल्या आल्या त्यांना झणझणीत काहीतरी लागायचं. लसणाची चटणी, तव्यावर भाजलेला सुका बोंबील, ते नाही तर फोडणीचं वरण तरी. त्या उन्हाळ्यात त्यांच्यापुढं उकडलेले बटाटे यायचे आणि मीठ. ते ताटाकडं बघायचे, आईकडं बघायचे, मग खिडकीखाली मांडलेल्या ट्रेंकडं बघायचे आणि मुकाट जेवायचे. ट्रे ब्रेडचेच होते, फॅक्टरीतले मोडके, दादांनीच आणलेले. त्यात रेशमाच्या अळ्या होत्या. अळ्यांना वास सोसत नाही असं आईचं म्हणणं. तळणीचा नाही, तंबाखूचा नाही, मासळीचा तर नाहीच. परक्या माणसानं त्यांच्यावर वाकून बोलायचं नाही, त्यांच्यासमोर भांडायचं नाही. वरच्या मजल्यावर नागपूरकडचे वानखेडे काका भाड्यानं राहायचे. स्वयंपाकघर त्यांचं आमचं एकच, आणि ते आमच्या खोलीला लागून. त्यामुळं त्यांचीही फोडणी बंद. ते दारात उभे राहून म्हणायचे, "काहून जी वहिनी, हे किडे का जावई हायेत का तुमचे? जावयालेही कुणी इतकं जपत नाही." आई हसायची, पण तेलाची बाटली कपाटातून काढायची नाही.

घर लंडनच्या ईलिंग भागातलं. आता ज्या रस्त्यावर घर घ्यायचं म्हटलं तर माझ्या दोन्ही मुलांना घाम फुटतो, त्याच रस्त्यावर. तेव्हा ते घर एका पोलिश म्हातारीचं होतं. तिचं आडनाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे तिला मिसेस के म्हणायचे आणि तिलाही ते चालायचं. खाली मागच्या बाजूला आमची खोली, तिच्या खिडकीतून बाग दिसायची, आणि बागेच्या कोपऱ्यात एक तुतीचं झाड. फार जुनं. खोड इतकं वाकलेलं की कुणीतरी त्याला लाकडी टेकू दिला होता, म्हाताऱ्याच्या काखेत कुबडी असावी तसा. डोक्यावरून विमानं जायची, एक गेलं की दुसरं. मी ती ऐकत पडून राहायचो आणि माझे पाय अंथरुणात चालत राहायचे. गावाहून येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. गावी चौथीपर्यंत शिकलो, पुढं लोकांची गुरं वळली, आणि इथं मला एकदम मोठ्या पोरांच्या शाळेत बसवलं, सगळ्यात खालच्या, मठ्ठ ठरवलेल्या पोरांच्या वर्गात. तिथं बसणं म्हणजे काय ते बसलेल्यालाच कळेल. सगळे बोलतात आणि आपण तोंडाकडं बघायचं. मी मठ्ठ नव्हतो. हे मी आज सत्तरी ओलांडल्यावर लिहितोय, आणि तेव्हाही मला ते माहीत होतं. पण ते त्यांना सांगायचं कसं, हेच येत नव्हतं. बाकाखाली टाच आपटत राहायचो. मास्तर म्हणायचे, पाय थांबव. पाय थांबत नव्हता.

मिस्टर पेंडल इतिहास शिकवायचे, आणि जीवशास्त्राच्या बाई रजेवर गेल्यामुळं त्यांचाही वर्ग घ्यायचे, म्हणून त्यांच्या तासाला राजेही असायचे आणि किडेही. एकदा त्यांनी दोन्ही एकत्र आणले. म्हणाले, इथल्या एका राजाला फार वर्षांपूर्वी वाटलं की आपल्या देशात रेशीम व्हावं, म्हणून त्यानं गावोगाव तुती लावायला लावली. पण लावली ती काळ्या फळांची, आणि किड्यांना आवडते पांढरी. रेशीम झालं नाही, झाडं तेवढी राहिली, लोक मुरंबा करून खातात. वर्ग हसला. मग म्हणाले, पुढं कंपनीच्या राज्यात हाच नाद त्यांनी हिंदुस्थानात केला. दख्खनमध्ये, जुन्नरच्या बाजूला, एका परदेशी साहेबाला जमिनी दिल्या, विहिरींच्या कडेनं आणि बांधांवर तुती लावली, काही वर्षं धागा निघाला, मग सगळं बसलं. का बसलं? तर त्यांनी हातातल्या पुस्तकात बघून सांगितलं की तिथल्या लोकांना चिकाटी नव्हती. चिकाटीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या पंजाबी पोराला विचारलं. तो म्हणाला, मतलब तुम लोग आलसी हो।

मी उभा राहिलो. कसा राहिलो ते ठाऊक नाही. मी म्हणालो की ते माझ्या आईचं गाव आहे, आणि रेशीम मी काढून दाखवतो. एवढं सांगायला मला तीन-चार मोडके शब्द लागले आणि वर्गाला हसायला तेवढेही लागले नाहीत. पेंडल मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता तो, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एका पाकिटात अंडी आणून दिली, खसखशीएवढी, करडी. इथली पोरं हौसेनं असे किडे पाळायची, तशी कुणाकडून तरी त्यांनी मिळवली असावीत. म्हणाले, सुट्टी लागण्याआधी एक संध्याकाळ आईबाप शाळेत येतात, पोरांनी केलेलं बघतात. त्या दिवशी सगळ्यांसमोर गरम पाण्यात कोश टाकून धागा ओढून दाखव. दाखवलास तर मी हेडमास्तरांशी बोलेन, तुला परीक्षेच्या वर्गात बसवू, म्हणजे पुढं शिकता येईल. नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला ठाऊक होतं. माझं शाळेचं वय त्या उन्हाळ्यात संपत होतं, आणि दादांच्या फोरमननं माझं नाव विचारून ठेवलं होतं.

आईला अंडी दाखवली तेव्हा तिनं ती तळहातावर घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तिचं माहेर जुन्नरच्या बाजूचं. तिथं ओढ्याकाठी तुतीची जुनी झाडं होती, त्यांना सगळे सायबाची तुती म्हणायचे. तिनं स्वतः किडा कधी पाहिला नव्हता, तिच्या आजीनंही पाहिला नव्हता. किडे केव्हाच संपले होते. पण किड्यांचे नियम मात्र बायकांच्या तोंडी चालत आले होते, वास नको, धूर नको, भांडण नको, ते आजीनं तिला सांगितले आणि तिनं मला. त्याबरोबर गंगूचीही गोष्ट. गंगू म्हणजे आईच्या आजीच्याही आजीकडची कुणीतरी. साहेबाच्या शेडवर पाला आणायला महारवाड्यातली माणसं होती, आणि कोश उकळायला बायका, कारण जिवंत किडे उकळायचं काम दुसरं कुणी करायला तयार नव्हतं. उकळत्या हंड्यात बोटं घालून त्या धागा ओढायच्या. ते रेशीम विणून शहरात जायचं आणि कुणाचं तरी सोवळं व्हायचं. रेशमाला विटाळ नाही म्हणतात. पण ज्या बोटांनी ते ओढलं त्यांची सावली त्याच माणसाला चालायची नाही. आई हे सांगताना रागावलेली नसायची, वाटाणे सोलता सोलता सांगायची.

"मग एक दिवस गंगूनं हंडा पालथा घातला," ती म्हणाली, "आणि घरी आली. तिच्यामागं बाकीच्या बाया आल्या. पुन्हा कुणी गेल्या नाहीत."

"का पण?"

"ते नाही सांगितलं कुणी. कुणी म्हणतं मजुरी अडवली. कुणी म्हणतं मुकादमानं हात धरला. माझी आजी म्हणायची, गंगूला दिवस गेले होते, तिला ते उकळणं बघवेना. तिनं स्वतः तोंडानं काही सांगितलंच नाही म्हणतात."

मला हे उत्तर पटलं नव्हतं. गोष्टीला कारण पाहिजे असं मला वाटायचं. पेंडलसाहेबांना काय सांगू, हंडा पालथा घातला? म्हणजे ते म्हणतात तेच खरं झालं ना, चिकाटी नव्हती.

मिसेस केच्या झाडाला पालवी उशिरा फुटली आणि त्याच्या आगेमागे अंड्यांतून काळे दोरे वळवळायला लागले. झाड काळ्या फळांचंच होतं, राजानं चुकून लावलं तसलं, पान जाड आणि खरखरीत. अळ्या कुरकुरत का होईना खायच्या. मिसेस के मला झाडावर चढू द्यायची, फक्त टेकूला पाय लावायचा नाही एवढी तिची अट. शाळेतून आलो की मी झाडावर, सकाळी शाळेआधी झाडावर. कोवळी पानं आई कात्रीनं बारीक चिरायची, मेथी चिरावी तशी. अळ्या कात टाकताना मान वर करून दगडासारख्या बसायच्या, तेव्हा त्या मेल्या असं मला दरवेळी वाटायचं आणि मी खोलीत येरझाऱ्या घालायचो. आई म्हणायची, बस की जरा, तुझ्या चालण्यानंच त्या मरतील. मग त्या उठायच्या, पांढऱ्या आणि जाड झालेल्या, आणि खायला लागायच्या. तो आवाज मला अजून येतो. सुपात कुणीतरी हलक्या हातानं नाचणी पाखडतंय असा, सारखा, न थांबणारा. दादा दिवसा त्या खोलीत झोपायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी तक्रार केली. पुढं एकदा मी पाला टाकायला विसरलो आणि आवाज थांबला, तर झोपेतून उठून त्यांनी मला हाक मारली, "सुदाम, उपाशी आहेत बघ त्या."

मोठ्या झाल्यावर त्या खाणं सोडायला लागल्या. अंग पिवळसर, आरपार दिसेल असं झालं. त्यांना चढायला आम्ही अंड्यांचे पुठ्ठे उभे करून ठेवले. काही चढल्या आणि विणायला लागल्या. डोकं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं हलवत, आधी धूसर जाळी, मग कोश, भुईमुगाच्या शेंगेएवढा, फिकट सोनेरी. बाकीच्या अजून ट्रेमध्ये होत्या. त्या शनिवारी मी वर्गातल्या पंजाबी पोराला सांगूनसुद्धा टाकलं की झालं, जिंकलो.

रविवारी आमच्या लोकांची बुद्धवंदना असायची. तेव्हा इथं विहार नव्हतं, घरोघरी पाळीनं जमायचे. आमच्या खोलीत कपाटावर दोन तसबिरी, एक भगवान बुद्धांची आणि दुसरी निळ्या कोटातली, जी आमच्या माणसांच्या घरात असतेच. त्या रविवारी पाळी आमची होती, आणि पाऊस होता, म्हणून खिडक्या लावलेल्या. पाचसहा घरची माणसं, पोरंबाळं, ओले कोट. कुणीतरी नुकतंच मुंबईहून आलेलं, त्यांनी चांगल्या उदबत्त्यांचा मोठा पुडा भेट आणला होता, आणि भेट आणलेली वस्तू वापरल्याशिवाय पाहुण्याचं मन कसं राखणार? दादांनी जुडीच्या जुडी लावली. मी तिथं नव्हतो, मला आईनं चादरींचं बोचकं घेऊन लाँड्रेटमध्ये, पैसे टाकून मशिनवर कपडे धुतात तिथं, पाठवलं होतं. आता तुम्ही म्हणाल, आईला नियम माहीत होते ना, धूर नको म्हणून. माहीत होते. तिनं त्या दिवशीही पाहुण्यांना केळी आणि बिस्किटंच दिली, शिरासुद्धा केला नाही, तुपाचा वास लागेल म्हणून. वानखेडे काकांना दारातच सिगारेट विझवायला लावली. पण उदबत्तीचा धूर हासुद्धा धूरच असतो, हे कुणाच्या मनातच आलं नाही. तिच्या नाही, दादांच्या नाही. मी असतो तर माझ्याही आलं नसतं. देवधर्म आम्ही सोडला होता, उदबत्ती नव्हती सोडली.

मी परत आलो तेव्हा पाहुणे कोट घालत होते. खोली निळी झालेली. ट्रेमधल्या अळ्या माना मागं टाकून पिळवटत होत्या, तोंडातून हिरवं पाणी. पाखडण्याचा आवाज नव्हता. संध्याकाळपर्यंत ट्रेमधली एकही राहिली नाही. ज्या कोशात बसल्या होत्या तेवढ्या वाचल्या. दादांनी वंदनेचा पांढरा शर्टही बदलला नाही. कोळशाचं फावडं घेऊन ते पावसात बागेत गेले, झाडाखाली खड्डा केला आणि ट्रे त्यात रिकामे केले. आई खिडकीतून म्हणाली, अहो, सकाळी करा. त्यांनी ते ऐकलंसं दिसलं नाही. आत आले तेव्हा त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. थोड्या वेळापूर्वी याच खोलीत सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं होतं, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं आहे हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पुढचे दिवस मला घरात बसवेना आणि शाळेतही. कोश राहिले होते, धागा दाखवायला पुरेसे होते. फक्त एक गोष्ट करायची होती, आणि ती आत पाखरू तयार होण्याच्या आत करायची होती. पाखरू बाहेर पडताना कोश फोडतं, आणि फुटलेल्या कोशाचा अखंड धागा निघत नाही. दादा फॅक्टरीतून आले की झोपायच्या आधी एक कोश उचलायचे, कानाशी धरून अलगद हलवायचे. आत खुळखुळ वाजायचं. ते पुन्हा जागेवर ठेवायचे. मला ते हलवणं आवडत नव्हतं.

शाळेची संध्याकाळ दुसऱ्या दिवसावर आली तेव्हा दुपारी मी स्वयंपाकघरात मोठं पातेलं गॅसवर ठेवलं. दादा उठून बनियनवर दारात आले.

"पाणी कशाला?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला."

"ते या घरात व्हायचं नाही, सुदाम."

मी म्हणालो, "आणि बोंबील? तो काय आपल्या पायानं चालत ताटात आला होता?"

जिन्यात वानखेडे काका होते. ते खोकले आणि पुन्हा वर गेले.

"खातो," दादा म्हणाले. "भूक लागते म्हणून खातो, आणि ते बरोबर आहे असं मी कधी म्हटलं नाही. तू हे कुणाला तरी दाखवायला करतोयस."

"दाखवायलाच. त्यांच्या पुस्तकात लिहिलंय आपल्याला चिकाटी नाही. आणि मला नाही जायचं त्या फॅक्टरीत." माझा आवाज चढला होता. अळ्यांसमोर भांडायचं नाही हा नियम आता कुणासाठी पाळायचा? मी म्हणालो, "तुम्ही तर अर्धे उदबत्तीनं मारलेत. मग मी मारले तर काय होतंय?"

दादांनी दाराची चौकट धरली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणूनच नको," ते म्हणाले.

पाणी उकळायला लागलं होतं. आई इतका वेळ सिंकपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली, गॅस बंद केला, दोन फडक्यांनी पातेलं उचललं, पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. मग तिनं ते रिकामं पातेलं शेजारच्या ओट्यावर पालथं घातलं. ना माझ्याकडं बघितलं ना दादांकडं. कपाट उघडून तेलाची बाटली काढली, छोटी कढई ठेवली, तेल तापू दिलं, आणि मोहरी टाकली. मग जिरं, लसूण, मिरची. इतक्या आठवड्यांनी तो आवाज घरात झाला. खोकत, डोळे पुसत आम्ही तिघं तिथंच उभे. वरून वानखेडे काकांची हाक आली, "वहिनी, गेले का जी जावई?"

सकाळी पाखरं बाहेर आली. पिठात लोळल्यासारखी पांढरी, जाड पोटाची, पंख असून उडता न येणारी. माणसानं इतकी वर्षं पाळली की उडणं विसरली, असं पुढं कुणीतरी मला सांगितलं. कोशांना एका टोकाला भोकं. मी दादांना म्हणालो, मी शाळेत जाणार नाही. ते म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना दाखवतो? मग जे आहे ते दाखवायला जायचं." त्या दिवशी ते झोपलेच नाहीत. दाढी केली, सूट घातला, ज्या सुटात विमानातून उतरले होते तो. बुटांच्या खोक्यात पाखरं आणि फुटके कोश ठेवून झाकणाला त्यांनी पेन्सिलीनं भोकं पाडली, आणि खोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसमध्ये बसले.

हॉलमध्ये टेबलं मांडली होती. शेजारच्या पोरानं प्लास्टरचा ज्वालामुखी केला होता, त्यातून लाल साबण यायचा, सगळे तिथंच. मिस्टर पेंडल आमच्याकडं आले, दादांशी हात मिळवला, खोक्यात बघितलं. कोश उचलून भोकावरून बोट फिरवलं. हळहळले, मनापासून. म्हणाले, वाईट झालं, इतकं जवळ येऊन. मग हसून म्हणाले, दख्खनमध्येही असंच झालं होतं, नाही का, शेवटच्या पायरीवर सुटलं.

दादांनी विचारलं, काय म्हणतात?

"म्हणतात, पुन्हा फसलं."

दादा सरळ झाले. माझ्याकडं न बघता मास्तरांकडं बघून ते मराठीत बोलले, अगदी सावकाश, जणू सावकाश बोललं की त्यांना समजेल. "सांग त्यांना, फसलं नाही. येत होतं. आम्ही नको म्हणालो."

मला इंग्रजी तेव्हा जेमतेम यायचं, पण तेवढं नक्की येत होतं. आणि दुसरं एक वाक्यही येत होतं. माझ्या वडिलांनी करू दिलं नाही, हे वाक्य. ते बोललो असतो तर पेंडल समजून घेणारे होते, कदाचित हेडमास्तरांकडं गेलेही असते, कदाचित मी आज हे दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या अक्षरात लिहीत असतो. वाक्य तोंडात आलं होतं. दादांच्या कोटाची कॉलर मागून दुमडलेली दिसत होती आणि मला ती सरळ करायची होती. मी म्हणालो, आम्हाला करता येतं. आम्ही नको म्हणालो.

पेंडलनी विचारलं, का?

मी दादांना विचारलं. ते म्हणाले, "ते त्यांना कशाला सांगायचं?"

मास्तरांनी मान हलवली, कोश परत खोक्यात ठेवला आणि ते ज्वालामुखीकडं गेले. परीक्षेच्या वर्गाचं पुन्हा कुणी बोललं नाही. पुढं मी दादांच्याच पाळीला लागलो आणि त्या फॅक्टरीत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असा जन्म काढला. त्याचं मला वाईट वाटत नाही. दोन मुलं शिकवली, घर घेतलं, कुणापुढं वाकलो नाही. पण धागा मला हवा होता. दादांचं बरोबर होतं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि आता पटलंय असं लिहिलं तर सुनेला बरं वाटेल, म्हणून मी लिहिणार नाही. परवा पार्कात अशाच एका म्हाताऱ्या तुतीपाशी एक गाईड लोकांना सांगत होता, राजानं चुकीची तुती लावली म्हणून फसलं. मी काठी टेकून उभा होतो. माझा पाय आपटायला लागला होता.

बसमधून उतरून आम्ही घरी आलो तेव्हा अजून चांगला उजेड होता, इथल्या उन्हाळ्यात असतो तसा. दादांनी खोकं थेट बागेत नेलं आणि पाखरं एकेक करून तुतीच्या बुंध्यावर ठेवली. ती तिथंच चिकटून पंख थरथरवत बसली. मी आत गेलो. आईनं वरण वाढलं, वर लाल फोडणी. पहिला घास घेतला आणि खिडकीतून बघितलं तर काळे पक्षी, ते पिवळ्या चोचीचे, झाडावर उतरलेले. एकानं एक पाखरू उचललंही. दादा सुटातच होते, बसमध्ये मिळालेल्या वर्तमानपत्राची सुरळी करून ते पक्ष्यांमागं धावत होते. एका बाजूनं हाकलले की दुसऱ्या बाजूनं यायचे. मला हसू आलं, मग राग आला. अंडी घालून एक-दोन दिवसांत ती पाखरं तशीही मरणारच होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते धावत होते. मग त्यांनी वर्तमानपत्र टाकलं, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गावी लोकांच्या ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून पक्षी हाकलायला द्यायचे ती आरोळी दिली, "हाऽऽ हू." ईलिंगच्या त्या शांत बागांमधून ती पार रेल्वेच्या रुळांपर्यंत गेली असेल. शेजारच्या खिडक्यांच्या काचा वर सरकल्या. मिसेस के दारात आली.

मी हातातलं ताट रिकामं केलं, चमचा घेतला आणि बाहेर गेलो. टेकूच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो, कारण तिकडून ते जास्त येत होते, आणि ताट वाजवायला लागलो. दादा आरोळी देत होते, मी वाजवत होतो. आईनं स्वयंपाकघराचा दिवा लावला, तिचं पातेलं अजून पालथंच होतं, आणि आम्ही अंधार पडून पक्षी घरी जाईपर्यंत थांबलो नाही.